माझ्यापाशीच थांबलेला आजार

नागीण

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते, तेव्हा माझ्या पाठीवर नागीण उठली. उजव्या कुशीपासून पाठीच्या कण्यापर्यंत फोडांचा पट्टा. खुर्चीला टेकता येईना, ब्लाउज सोसेना. शाळेतल्या मावशींनी सांगितलं, तिची दोन्ही तोंडं एकमेकांना भेटू देऊ नका, गेरू लावा. मी गेरू लावला आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही घेतल्या. नागीण पंधरा दिवसांत बसली. पण तिच्यामागून अंगात जो बारीक ताप शिरला, तो निघायचं नाव घेईना.

मी सुप्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. वय छत्तीस. नवरा, बाळासाहेब, सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मुलगी ईश्वरी तेव्हा चौथीत होती. सासर काष्टीचं, तिथं थोडी शेती आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. माझं नाव इथं लिहीत नाही, आणि वरची दोन्ही नावंही बदललेली आहेत. ओळखणारे ओळखतील, त्याला इलाज नाही. पण ईश्वरीला अजून सगळं सांगितलेलं नाही. ते तिला माझ्या तोंडून कळावं, छापलेल्या कागदावरून नको.

ताप, मग कोरडा खोकला, मग दम. नववीचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. मी जिन्यात दोनदा थांबायचे आणि पर्समध्ये काही शोधतेय असं दाखवायचे. एका सकाळी फळ्यावर तारीख लिहितानाच धाप लागली आणि खडू हातातून पडला. त्या दुपारी बाळासाहेबांनी मला नगरच्या सरकारी दवाखान्यात आणून दाखल केलं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आम्ही अजून नगरच म्हणतो.

तिसरा दिवस

निमोनिया निघाला. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. रक्ताच्या इतक्या बाटल्या भरून नेल्या की कुठली कशासाठी हे विचारायचं मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली आणि खालच्या मजल्यावर जायचंय म्हणाली. मला वाटलं, एक्स-रे असेल.

खोली लहान होती. टेबलामागे माझ्याच वयाच्या समुपदेशक बाई. त्यांनी बाळासाहेबांना बाहेर थांबायला सांगितलं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, मुलं किती विचारलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या रक्तात एचआयव्ही सापडलाय."

पुढचं त्या बरंच बोलल्या. औषध आहे, रोज घ्यायचं असतं, माणूस पूर्ण आयुष्य जगतो. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होते. त्यात एक पट्टी होती, तिच्यावरचे आकडे पुसून गेले होते.

दर एक डिसेंबरला शाळेची फेरी निघते. घोषणा लिहून द्यायचं काम माझं. सावध राहा, दूर राहा, संयम पाळा, असंच सगळं. सहा-सात वर्षं मी मुलांकडून त्या घोकून घेतल्या होत्या. सावध कुणापासून राहायचं, ते त्या खोलीत मला कळलं. माझ्यापासून.

मी पहिला प्रश्न विचारला तो ईश्वरीचा. त्या म्हणाल्या, तिची आणि यजमानांची, दोघांचीही तपासणी करू. मग बाळासाहेबांना आत बोलावलं. त्यांना सांगायचं का, कसं सांगायचं, हे बाईंनी आधी मला विचारलं होतं आणि मी मानेनंच हो म्हटलं होतं. माझ्यानं बोलवेना म्हणून त्यांनीच सांगितलं. बाळासाहेबांच्या हातात हेल्मेट होतं. त्यांनी त्याचा पट्टा लावला, काढला, परत लावला. बराच वेळ तो आवाज तेवढा येत राहिला.

त्यांची तपासणी त्याच दुपारी झाली. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी परत करायला सांगितली. त्यांनी मला वॉर्डात येऊन सांगितलं तेव्हा चेहरा सुटका झाल्यासारखा मोकळा झाला होता, आणि तो तसा झालाय हे लक्षात येताच त्यांनी मान खाली घातली. मला आनंद झाला होता. आणि त्याच वेळी मी एकटी पडले होते. दोन्ही खरं आहे.

ईश्वरीला दुसऱ्या दिवशी आणलं. शाळेची तपासणी आहे असं सांगितलं. रक्त दिलं तर मला पेढा मिळतो का, असं तिनं नर्सला विचारलं. अहवाल यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी पलंगावर बसले नाही. ऑक्सिजनची नळी जाईल तिथवर, म्हणजे पलंगाच्या डोक्यापासून पायापर्यंत, चालत राहिले. नर्स दोनदा ओरडली.

ती निगेटिव्ह होती.

तिच्या जन्माच्या वेळी मला फार रक्तस्राव झाला होता. दोन पिशव्या रक्त चढवलं. मी इतकी खचले की अंगावर दूध आलंच नाही. ती वरच्या दुधावर वाढली. नऊ वर्षं मला त्याचा सल होता. बायका पण विचारायच्या, पाजलं नाहीस का गं, म्हणून ही अशी बारीक. आता डॉक्टर म्हणाले, ते रक्त तपासलेलंच असणार. त्यातून आलं असेल, नसेल, आज कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हापासून तुमच्या अंगात असेल तर पाजलं नाही हे बरंच झालं. मी ते ऐकलं आणि पहिल्यांदा रडले.

शेजारचा पलंग

अकरा दिवस वॉर्डात काढले. पहाटे पाचला फरशी पुसायचा वास, सहाला सुई, आठला चहा, दहाला डॉक्टरांची फेरी. आत्या काष्टीहून आल्या आणि दिवसभर माझ्यापाशी बसायच्या. त्यांनी चौथ्या दिवशी माझे केस धुतले. बादली, मग, आणि पलंगाच्या कडेला खाली सोडलेली माझी मान. पाणी कानात जाऊ नये म्हणून त्या एक हात कानावर धरून होत्या. त्यांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, हिला कळलं तर हा हात असाच राहील का?

शेजारच्या पलंगावर पाथर्डीकडची एक बाई होती. मीराबाई म्हणू. दर वर्षी ऊसतोडीला जाणारं जोडपं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. तिलाही हाच आजार होता आणि मधे औषध सुटल्यानं टीबी झाला होता. ती मला बोलतं करायला बघायची. मी इंग्रजी पुस्तक तोंडासमोर धरायचे. एकदा तिनं सरळच विचारलं, तुम्हालाबी तेच का. मी म्हणाले, हो, पण माझं वेगळं आहे, माझ्या बाळंतपणात रक्त चढवलं त्यातून आलंय.

ती म्हणाली, "माझंबी रक्तातच हाय की बाई."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तिच्यात आणि माझ्यात मी एक भिंत बांधत होते. माझा आजार सभ्य, तिचा तसला. खरं तर माझा कुठून आला हे मलाही ठाऊक नव्हतं. मी पुस्तक खाली ठेवलं. मग तिनं सांगितलं की ऊसतोडीच्या कोपीला, पाचटाच्या त्या खोपटाला, दार नसतं. गोळ्यांची बाटली कुठं लपवायची? कुणी विचारलं तर काय सांगायचं? म्हणून मागच्या हंगामात तिनं बाटली घरीच ठेवली होती.

हॉलमधली गादी

घरी आले आणि खरा आजार सुरू झाला.

औषध चालू झालं होतं. रोज एक गोळी, रात्री नऊ वाजता. सुरुवातीला चक्कर यायची, झोप तुटायची, विचित्र स्वप्नं पडायची. ते सोसलं. पण बाळासाहेबांची गादी हॉलमध्ये गेली होती. पहिली पाळी असते, पहाटे उठताना तुझी झोपमोड नको, असं त्यांनी सांगितलं. पहिली पाळी त्यांना लग्न झाल्यापासून होती. पाणी प्यायचा माझा तांब्या मीच वेगळा केला होता, कुणी सांगितलं नसताना. तसं काही लागत नाही हे मला माहीत होतं. तरी ईश्वरी त्याला तोंड लावायला गेली की मी धावायचे.

मला एका जागी बसवेना. कपाटं आवरायची, परत आवरायची. गॅलरीतून रस्ता बघायचा. शाळेतून रजा होती, दिवस संपायचा नाही. कुणी शेजारीण हसून बोलली तर वाटायचं, हिला कळलंय. नाही बोलली तरी वाटायचं, कळलंय.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाळासाहेब पाळीवरून आले. ईश्वरी शिकवणीला, मी दवाखान्यातून आल्यापासून आमच्याकडेच राहिलेल्या आत्या गिरणीवर. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"एकदाच इचारतो. परत न्हाई इचारणार. लग्नाआधी म्हन, नंतर म्हन, कधी काय झालं आसंल तर सांग. मी आयकून घेतो."

मी नाही म्हणाले. देवाची शपथ घेतली, आणि ईश्वरीचीही घेतली. लेकीची शपथ घेतल्याची लाज मला आजही वाटते. त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला. गादी मात्र हॉलमध्येच राहिली. ते निगेटिव्ह होते, म्हणून मला त्यांना काहीच विचारता येत नव्हतं, यानं मला फार कोंडल्यासारखं व्हायचं. दोन महिन्यांनी, तीन महिन्यांची तपासणी परत निगेटिव्ह आल्यावर, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. एकदाच म्हणाले होते.

तेव्हा मी शपथ घेतली नाही. म्हणाले, "मी हो म्हणाले असते तरी गोळी हीच होती आणि वेळही नऊचीच होती. तुम्हाला माझ्या गोळीचं काही पडलंय का ते सांगा." ते उठून बाहेर गेले. आम्ही चार दिवस बोललो नाही.

आत्यांनी हे सगळं पाहिलं होतं. एका दुपारी गवार मोडत बसलो असताना मी ठरवलं, हिला सांगून टाकू. मी म्हणाले, आत्या, मला जो आजार झालाय ना... त्यांनी हात वर केला.

"नाव नको सांगू मला. मी काष्टीच्या बाजारात बसती, चार बायका भेटत्यात, तोंडातनं निगून जाईल. औषध हाय का त्याला?"

आहे, मी म्हणाले.

"मग घेत जा टायमात." आणि त्या परत गवारीकडे वळल्या. तांब्याचं काय ते त्यांनी दुसऱ्या दिवशी केलं. माझा वेगळा तांब्या घासून सगळ्यांच्या भांड्यांत मिसळून टाकला. मला कुठला माझा हे शोधून सापडेना.

मॅडमची वही

दर महिन्याला नगरच्या एआरटी सेंटरला, या गोळ्या मिळतात तिथं, जावं लागायचं. मी तोंडाला स्कार्फ बांधून जायचे आणि रांगेत मान खाली घालून उभी राहायचे. शाळेतल्या एखाद्या पालकानं बघितलं तर? एकदा खरंच एक पालक दिसले. तेही रांगेत होते. आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही. आजही शाळेच्या गेटवर भेटलो की फक्त नमस्कार करतो, पण तो नमस्कार इतरांपेक्षा जरा जास्त वेळ टिकतो.

तिथं एक डॉक्टर मॅडम होत्या. पन्नाशीच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या, पण बरीच वर्षं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत राहून आलेल्या. तिकडे या आजारानं गावंच्या गावं पोखरली होती. त्या तिथं गावोगाव चालणाऱ्या संशोधनात काम करत होत्या. औषधाच्या बाटलीतल्या इंग्रजी कागदावरून मी एक प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलात. मी म्हणाले, शिकवते.

पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्यासमोर एक जाड वही ठेवली. तिथल्या सभांमध्ये गावकऱ्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरं, त्यांनी स्वतः इंग्रजीत टिपलेली. त्यांना त्यातलं निवडक मराठीत हवं होतं; इथं येणाऱ्या नवरा-बायकोंना वाचून दाखवण्यासाठी. पुस्तकी नको, म्हणाल्या, आपल्याकडं बोलतात तसं हवं. मी वही घरी आणली. हाताला काम मिळालं.

प्रश्न वाचताना मी मधेमधे उठून गॅलरीत जायचे. एका भांड्यात जेवलं तर चालतं का. मूल होऊ द्यावं का. गोळी किती वर्षं. हे सगळं ठीक. पण एका पानावर प्रश्न होता, हा आजार घरात आणला कुणी? तोच प्रश्न. समुद्रापलीकडे, दुसऱ्या भाषेत, कुठल्या तरी झाडाखालच्या सभेत कुणीतरी विचारलेला. खाली उत्तर होतं, की तपासणी एवढंच सांगते की तो आहे. कधी आला आणि कुणाकडून आला, हे ती सांगत नाही.

मी ते मराठीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग वही मिटून तशीच टेबलावर ठेवून भाजी आणायला गेले. परत आले तर बाळासाहेब ती पानं वाचत होते. माझ्या अक्षरातली, मराठी.

ते म्हणाले, "हे 'संक्रमण' कुनी बोलत न्हाई. लागण म्हन." मी खोडून लागण लिहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी थोडं थोडं होऊ लागलं. मी वाचायचे, ते अडवायचे. यंत्रावर काम करणारा माणूस. एखादं वाक्य कुठं अडतंय ते त्यांना बरोबर कळायचं. त्या वहीत एक भाग जोडप्यांचा होता. एकाला आजार, दुसऱ्याला नाही, अशी जोडपी. अगदी आमच्यासारखी. अशी पुष्कळ जोडपी तिथं आणि इतर देशांतही वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली, आणि त्यातून हे पक्कं कळलं की औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा होतो आणि तसाच राहतो, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.

हे वाक्य मी वाचलं. बाळासाहेबांनी काही दुरुस्ती सांगितली नाही. म्हणाले, परत वाच.

सहावा महिना

मीराबाई एकदा सेंटरला दिसली. अंगानं भरली होती. वहीत एक गोष्ट होती, की तिकडे दवाखाना लांब असला की पाच-सहा जण मिळून गट करतात आणि पाळीपाळीनं एकजण सगळ्यांची औषधं आणतो. मॅडमनी तिच्यासाठी तसंच काही नाही, पण हंगामात पुरतील इतक्या गोळ्या आधीच द्यायची सोय लावली होती. आणि तिनं ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला सांगून टाकलं होतं. बाटली कुठं ठेवणार, मी विचारलं. पिठाच्या डब्यात, म्हणाली, त्या बाईच्या.

पुढच्या वेळी बाळासाहेब माझ्याबरोबर आत आले. एवढे दिवस बाहेर गाडीपाशी थांबायचे. माझी विषाणू मोजायची तपासणी होती, रक्त देऊन झालं होतं. त्यांनी मॅडमना विचारलं, ती आफ्रिकेतली लोकं इतकी वर्षं रक्त देत राहिली, त्यांना त्यातून काय मिळालं.

मॅडम म्हणाल्या की त्या लोकांनीही हाच प्रश्न आम्हाला सभेत विचारला होता, आणि सगळ्यात कडक प्रश्न म्हाताऱ्या बायका विचारायच्या. काहींना औषध लवकर मिळालं. काहींच्या घरातली माणसं त्याआधीच गेली होती. एका बाईला मॅडमनी विचारलं होतं, तू का येतेस. तर ती म्हणाली, इथं सावलीला बाक आहे आणि माझी झोप कशी झाली ते कुणीतरी विचारतं. मॅडम हे सांगताना हसल्या, पण नीट हसल्या नाहीत.

अहवाल यायला दिवस लागणार होते. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाळा परत सुरू झाली होती. वर्गात मी एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनीही सांगितलं नाही. गोळी एकदाही चुकली नव्हती, तरी वाटायचं, चुकली असेल. रिकाम्या बाटल्या काढून बघायचे. विषाणू उतरलाच नसेल तर? वहीत लिहिलेलं सगळं खरं, पण माझ्या बाबतीत नसेल तर?

मोबाईल वाजला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. येऊन कागद घेऊन जा, एवढंच सांगितलं. बाळासाहेबांनी अर्धी पाळी टाकली आणि आम्ही गाडीवर नगरला गेलो. कागद मॅडमनी माझ्या हातात दिला. अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर स्थिर राहिनात. बाळासाहेबांनी तो घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचला. विषाणू सापडला नाही.

मॅडमनी सांगितलं की तो अंगातून गेलेला नाही, दडून बसलाय, गोळी थांबली की परत वर येणार. बाळासाहेब ऐकत होते. बाहेर आल्यावर गाडीची किल्ली लावता लावता थांबले.

"म्हंजे तुझ्यापाशीच थांबला," ते म्हणाले. "म्होरं न्हाई जात."

वहीतल्या 'अनट्रान्समिटेबल' या इंग्रजी शब्दाला मी इतके दिवस मराठी शोधत होते. मी तिथंच पर्समधून पेन काढलं आणि अहवालाच्या पाकिटावर ते लिहून घेतलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी दोनदा इचारलं. नको हुतं इचारायला." मी म्हणाले, चला, ईश्वरी यायची वेळ झाली.

त्या आठवड्यात गादी आत आली. भीती एकदम जात नाही, ती दोघांनाही होती. ते अजून तपासणी करून घेतात, आणि त्यांचा अहवाल हाती येईपर्यंत मी घरभर फिरत असते. हे बरं होण्यातच मोजायचं का, मला माहीत नाही.

सेंटरच्या मागची खोली

मराठी पानं तयार झाली. मॅडमनी ती झेरॉक्स करून घेतली आणि मला म्हणाल्या, एकदा तुम्हीच वाचून दाखवा. मी अनुवाद करणारी बाई म्हणून वाचणार होते, एवढंच ठरलं होतं. बाकी काही सांगायचं नव्हतं. बाळासाहेबांनाही मी तसंच सांगून निघाले होते.

खोलीत आठ-नऊ बायका होत्या. मी वाचलं. एका ताटात जेवण्याचं वाचलं, मुलांचं वाचलं, घरात कुणी आणला ते वाचलं. तिथं दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मग जोडप्यांचा भाग आला, आणि मी वाचलं की नीट औषध घेणाऱ्या माणसापाशी हा आजार थांबतो, पुढं जात नाही.

कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. चोवीस-पंचवीसची असेल. शिर्डीला फुलांच्या दुकानात हार ओवायचं काम करते, असं ती सुरुवातीला म्हणाली होती. बोटांच्या टोकांना अजून झेंडूचा पिवळा रंग होता. तिला कळून आठवडाच झाला होता. नवरा निगेटिव्ह, आणि माहेरी पाठवून द्यायची भाषा चालली होती. मी वाचत असताना तिनं एकदाही वर बघितलं नव्हतं. आता बघितलं.

ती म्हणाली, "हे तिकडच्या लोकांचं झालं मॅडम. हिकडं कुनाचं खरं झालंय का?"

मला वहीतलं कुठलंही पान वाचून दाखवता आलं असतं. मॅडम दाराशी उभ्या होत्या, त्यांनी उत्तर दिलंच असतं. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलंही. त्या खोलीतल्या कुणाची बहीण, कुणाची नणंद सुप्यात राहत असेल, हे मला दिसत होतं. शाळा दिसत होती, गेट दिसत होतं.

"माझं," मी म्हणाले. "माझं झालंय. माझा नवरा निगेटिव्ह आहे, आणि आम्ही एका घरात राहतो."

कुणी रडलं नाही, कुणी माझा हात धरला नाही. त्या मुलीनं माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं, जसं आपण दुकानात कापड बघतो तसं. साडी, घड्याळ, चपला. मग ती पुढं सरकून बसली.

"गोळी जेवनाच्या आदी घ्यायची का नंतर?"

"नंतर घेतली तरी चालते," मी म्हणाले. "पण वेळ रोज एकच ठेवायची."

तिनं मोबाईल काढला आणि गजर कसा लावतात ते मला विचारलं.